नदीकाठची गल्ली : यॉर्कच्या क्लेमेंथॉर्पमधली वीस वर्षं



उत्तर इंग्लंडात नव्याने येणारी आपली माणसं मला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, लीड्सला राहावं की यॉर्कला? त्याचं उत्तर सोपं आहे. कढीपत्ता, ताजी मेथी आणि चार मराठी घरं हाकेच्या अंतरावर हवी असतील तर लीड्स. त्याशिवाय चालत असेल तर यॉर्क. दुसरा प्रश्न, नदीकाठी घर घ्यावं का? याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच. मी मूळचा सांगलीचा, त्यामुळे नदी आणि पूर या विषयावर बोलायला लागलो की थांबत नाही असं घरचे म्हणतात. तेव्हा चहा घेऊन बसा.

वस्ती कुठे आहे?

यॉर्क शहराला जुना तट आहे. त्या तटाच्या दक्षिणेला, स्केल्डरगेट पुलापासून रौनट्री पार्कपर्यंत, एका बाजूला ऊझ नदी आणि दुसऱ्या बाजूला बिशपथॉर्प रोड, यांच्यामध्ये जो छोटा पट्टा आहे तो क्लेमेंथॉर्प. नाव सेंट क्लेमेंटवरून आलं. बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास, इथे जोगिणींचा मठ होता. मठ कधीच गेला, पण आसपासच्या नन्थॉर्प, ननरी लेन या नावांत त्या जोगिणी अजून शिल्लक आहेत.

आताची वस्ती म्हणजे लाल विटांच्या, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या चार-सहा गल्ल्या. बहुतेक घरं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे परड्याएवढं अंगण आणि अंगणाच्या दारामागे कचऱ्याचे डबे ठेवायची अरुंद बोळ. पुढचं दार उघडलं की थेट फुटपाथ. आपल्याकडच्या चाळीची किंवा गावभागातल्या गल्लीची सवय असलेल्याला इथे चटकन घरच्यासारखं वाटतं. सामायिक भिंतीतून शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येतो, आणि त्यांना आमचा कुकर. पहिल्या आठवड्यातच शेजारच्या आजींनी विचारलं होतं, "लव्ह, तुमच्या स्वयंपाकघरात आगगाडी आहे का?" यॉर्क हे रेल्वेचं गाव, त्यामुळे प्रश्न अगदी गंभीर चेहऱ्याने विचारला होता :-)

बिशपथॉर्प रोड हा आमचा बाजार. आर्चबिशपच्या वाड्याकडे जाणारा रस्ता म्हणून हे नाव. इथले लोक त्याला लाडाने 'बिशी रोड' म्हणतात. आमच्या आईला फोनवर ते 'भिशी रोड' ऐकू आलं आणि तिला वाटलं की इथल्या बायकासुद्धा भिशी लावतात. खाटीक, भाजीवाला, पाववाला, सायकलवाला अशी एकेकट्या मालकांची दुकानं एका ओळीत आहेत. २०१५ साली या रस्त्याला देशातल्या सर्वोत्तम बाजाररस्त्याचा पुरस्कार मिळाला. त्याचा एक परिणाम असा झाला की भाडी चढली, आणि दुसरा असा की शनिवारी गाडी लावायला जागा मिळेनाशी झाली. रहिवाशांना पार्किंगचं परमिट मिळतं, पण परमिट म्हणजे जागा नव्हे, हे इथे आल्याआल्याच शिकायचं असतं.

इथल्या माणसांचं बोलणं कळायला मला सहा महिने लागले. भेटल्यावर ते 'हॅलो' म्हणत नाहीत, 'नाऊ देन' म्हणतात. मला आधी वाटायचं की आता हा काहीतरी महत्त्वाचं सांगणार. मी थांबायचो, तोही थांबायचा. शेवटी कळलं की हे आपल्या 'काय मग?' सारखं आहे. उत्तरही 'नाऊ देन' असंच द्यायचं आणि पुढे चालू लागायचं.

वासावरून ओळखायचं गाव

मी २००४ मध्ये इथे भाड्याने राहायला आलो, तेव्हा वारा दक्षिणेचा असला की चॉकलेटचा वास यायचा. टेरीज कंपनीचा कारखाना बिशपथॉर्प रोडच्याच दुसऱ्या टोकाला होता. १९२० च्या दशकात बांधलेला, घड्याळाच्या उंच मनोऱ्याचा. नारंगीच्या आकाराचं ते प्रसिद्ध चॉकलेट इथलंच. शहराच्या उत्तरेला रौनट्रीचा कारखाना. तुम्हीआम्ही खातो ते किटकॅट १९३५ साली तिथेच जन्मलं. तो कारखाना १९८८ पासून नेस्लेकडे आहे आणि अजून चालू आहे. टेरीज मात्र २००५ च्या सप्टेंबरमध्ये बंद झालं आणि उत्पादन युरोपातल्या दुसऱ्या देशांत गेलं. आमच्या गल्लीत निदान चार घरं अशी होती की ज्यांच्या दोन पिढ्या तिथे कामाला होत्या.

आणखी एक वास होता, जो माझ्याखेरीज कुणालाच आवडायचा नाही. शहराच्या पश्चिमेला बीटापासून साखर करणारा कारखाना होता. हिवाळ्यात हंगाम चालू झाला की गोडसर, जड वास सगळ्या गावावर पसरायचा. लोक नाकं मुरडायची. मी मात्र खिडकी उघडून उभा राहायचो. सांगलीच्या कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की येतो, त्याचाच हा मावसभाऊ. तो कारखानाही २००७ मध्ये बंद झाला.

रौनट्री हे घराणं क्वेकर पंथाचं. कामगारांच्या राहणीमानाचा विचार करणारं. घराण्यातल्या सीबोम रौनट्री यांनी याच यॉर्कमध्ये घरोघरी पाहणी करून गरिबीवरचा ग्रंथ १९०१ साली प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या कामगारांचं स्मारक म्हणून कंपनीने १९२१ मध्ये शहराला एक बाग दिली, ती आमची रौनट्री पार्क. तळं, कारंजं, मुलांना खेळायला जागा आणि राखी बदकांचे थवे. या बदकांना कुणी भीत नाही, सगळे त्यांना भितात. माझ्या मुलीच्या हातातलं सँडविच त्यांनी इतक्या वेळा पळवलंय की ती आजही त्या बाजूने जाताना हात खिशात घालते.

बागेची दुसरी खासियत अशी की ती दर एक-दोन वर्षांनी पाण्याखाली जाते. आठवडाभर तळं कुठे संपतं आणि नदी कुठे सुरू होते ते कळत नाही. मग पाणी उतरतं, चिखल उरतो, आणि लोक फावडी घेऊन येतात.

नदीचं गणित

ऊझ नदी दिसायला फारच गरीब आहे. उन्हाळ्यात तिच्यावर होड्या, काठावर सायकली, २००१ मध्ये बांधलेल्या मिलेनियम पुलावर संध्याकाळी पाय सोडून बसलेली पोरं. पण तिचं पाणी यॉर्कचं नाही. स्वेल, युअर आणि निड या तीन नद्या वायव्येच्या डोंगराळ डेल्स भागातलं पाणी घेऊन येतात, आणि ते सगळं यॉर्कच्या मधोमध एका अरुंद पात्रातून जातं. त्यामुळे यॉर्कमध्ये ऊन पडलेलं असताना पूर येऊ शकतो. तिकडे डोंगरात कोसळलं की साधारण दिवस-दीड दिवसाने इथे पाणी चढायला लागतं.

सांगलीकराला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडेही पाऊस महाबळेश्वर-कोयनेला आणि पूर सांगलीला. लहानपणी पावसाळ्यात सकाळी पहिला प्रश्न एकच असायचा, 'आयर्विन किती?' म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती फूट. ४० झाली की इशारा, ४५ म्हणजे धोका. इथे फूट नाहीत, मीटर आहेत, आणि पुलाऐवजी संकेतस्थळ आहे. दर पंधरा मिनिटांची पातळी तिथे मांडलेली असते. सरकारी पर्यावरण खातं तीन पायऱ्यांचे इशारे देतं : सावध राहा, पूर येणार आहे, आणि जिवाला धोका आहे. फोन नंबर नोंदवून ठेवला की रात्री-बेरात्री यंत्राचा आवाज तुम्हाला उठवतो. पहिल्यांदा असा फोन आला तेव्हा बायको घाबरली होती. मी म्हटलं, आमच्याकडे तर भोंगा लावलेली रिक्षा यायची, हे बरं आहे.

इथला लक्षात राहणारा आकडा म्हणजे ५.४ मीटर. नोव्हेंबर २००० मध्ये ऊझ तिच्या उन्हाळी पातळीच्या इतकी वर चढली होती. शतकांमध्ये एवढं पाणी आलं नव्हतं. किंग्ज स्टेथ या घाटावरच्या किंग्ज आर्म्स या पबमध्ये भिंतीवर प्रत्येक मोठ्या पुराची रेघ साल घालून मारलेली आहे. पाहुण्यांना मी मिन्स्टर दाखवायच्या आधी ती रेघ दाखवतो.

शेजारच्या आजी

या वस्तीबद्दल मला जे माहीत आहे त्यातलं निम्मं शेजारच्या आजींकडून आलेलं. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. आम्ही घरात त्यांना 'आजी'च म्हणतो. माझ्या मुलीने तोंडावरही तेच म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनी ते स्वीकारलं. पंधराव्या वर्षी त्या टेरीजमध्ये लागल्या. भेटीच्या डब्यांमध्ये हाताने चॉकलेटं लावायचं काम. लग्न होऊन १९५८ मध्ये या गल्लीत आल्या. त्यांनी १९४७ चा पूर अकरा वर्षांची पोर म्हणून पाहिला होता, १९८२ चा दोन लेकरांची आई म्हणून आणि २००० चा विधवा म्हणून.

मी २००६ मध्ये त्यांच्या शेजारचं घर विकत घ्यायचं ठरवलं तेव्हा एजंटपेक्षा त्यांचाच सल्ला जास्त उपयोगी पडला. एजंट म्हणाला, "पाणी क्वचित येतं." आजी मला आपल्या तळघरात घेऊन गेल्या आणि भिंतीवरचा डाग दाखवला. म्हणाल्या, "पुढच्या दाराने येतं असं सगळ्यांना वाटतं. दाराने येत नाही. जमिनीतून येतं." मग वर येऊन चहा टाकला आणि सांगितलं की किमतीत चार पैसे कमी करून घे, फ्रीज तळघरात ठेवू नकोस, आणि वीजमीटर वर उचलून घे. तिन्ही गोष्टी मी केल्या.

गणपतीत त्या आमच्याकडे यायच्या. शाडूची छोटी मूर्ती, दीड दिवसाचा गणपती. नदी शंभर पावलांवर असूनही विसर्जन अंगणात बादलीत. आई पहिल्या वर्षी फोनवर हळहळली, "अरे, एवढी दारात नदी आहे ना!" पण आता सांगलीतसुद्धा कृष्णेत विसर्जन नको म्हणून कुंड करतात, तेव्हा तिचीही समजूत पटली. विरघळलेली माती आजींच्या हायड्रेंजियाला जायची. त्यांचं ठाम मत होतं की त्या वर्षी फुलं जास्त येतात.

डिसेंबर २०१५

त्या वर्षी डिसेंबर महिनाभर पाऊस. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला, डेल्समध्ये आणि पेनाइन डोंगरात प्रचंड कोसळला. यॉर्कमध्ये फॉस नावाची छोटी नदी ऊझला मिळते. १९८२ च्या पुरानंतर त्या संगमावर दरवाजा बांधला, तो १९८७ मध्ये सुरू झाला. ऊझ चढली की हा दरवाजा खाली करायचा, म्हणजे तिचं पाणी फॉसमध्ये उलटं शिरत नाही, आणि फॉसचं पाणी पंपांनी उचलून ऊझमध्ये टाकायचं. त्या संध्याकाळी पंपगृहातच पाणी शिरलं. वीजयंत्रणा जाणार असं दिसल्यावर दरवाजा उचलून ठेवायचा निर्णय घ्यावा लागला. फॉसकाठची घरं बुडाली. शहरात एकूण सहाशेहून अधिक घरं आणि दुकानं पाण्याखाली गेली. लष्कर आलं, होड्या आल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पाणी शिरल्याने पुष्कळांचे फोन आणि इंटरनेट बंद पडलं. ऊझ ५.२ मीटरवर जाऊन थांबली.

आमच्या गल्लीत पाणी वरच्या टोकापर्यंत आलं नाही, पण आजींनी सांगितलं होतं तसंच झालं. २७ तारखेला सकाळी तळघराच्या फरशीच्या सांध्यांतून पाण्याचे बारीक झरे फुटायला लागले. दुपारपर्यंत गुडघाभर, रात्री कमरेएवढं. गल्लीतल्या आठ-दहा घरांत तीच स्थिती. पंप एकच होता, समोरच्या सुताराचा. त्याने एक गोष्ट सगळ्यांना बजावली, जी इथे मुद्दाम लिहून ठेवतो : तळघरातलं पाणी घाईने उपसायचं नाही. बाहेरच्या ओल्या मातीचा दाब असतो, आतलं पाणी अचानक काढलं तर भिंत आत येऊ शकते. बाहेरची पातळी उतरेल तसं थोडं थोडं काढायचं.

ती रात्र आम्ही सगळे आजींच्या वरच्या खोलीत होतो, कारण त्यांच्याकडे गॅसची शेगडी चालू होती. नाताळचं उरलेलं टर्की, आमच्याकडची खिचडी आणि कुणाच्या तरी घरची अर्धी वाइन. आजी खिडकीत बसून रस्त्याच्या दिव्याखाली पाणी कुठवर आलंय ते सांगत होत्या. एका क्षणी म्हणाल्या, "थांबलं." संकेतस्थळावर ते आम्हाला दुसऱ्या दिवशी, इंटरनेट आल्यावर दिसलं.

विमा : खरं दुखणं

चिखल चार दिवसांत धुतला जातो. विमा वर्षानुवर्षं पुरतो. आमच्या विमा कंपनीने (नाव कशाला घ्या) नुकसानीचे पैसे दिले, पण नूतनीकरणाच्या वेळी हप्ता जवळजवळ तिप्पट सांगितला आणि पुराच्या दाव्यात पहिले ५००० पौंड आमचे आम्ही सोसायचे अशी अट घातली. दुसऱ्या दोन कंपन्यांनी पोस्टकोड ऐकूनच नकार दिला. इथे विमा नसेल तर बँक गृहकर्ज देत नाही, आणि कर्ज मिळत नसेल तर तुमचं घर कुणी विकत घेत नाही. म्हणजे घर तिथेच, विटा त्याच, पण किंमत कागदावर शून्याकडे. त्या तीन महिन्यांत हिच्या आणि माझ्या संसारातली सगळ्यात जास्त भांडणं झाली. हिचं म्हणणं साधं होतं. सांगलीचं वेड सांगलीत ठेव, आपण टेकाडावर घर बघू.

२०१६ च्या एप्रिलमध्ये 'फ्लड री' ही योजना सुरू झाली आणि आमची सुटका झाली. ती अशी चालते. तुम्ही नेहमीसारखा कोणत्याही कंपनीकडे विमा उतरवायचा. पुराचा धोका ती कंपनी ठरावीक दराने या सामायिक निधीकडे सोपवते. हा दर घराच्या कौन्सिल टॅक्सच्या पट्ट्यावर ठरतो, नदीपासूनच्या अंतरावर नाही. निधीसाठी देशातल्या सगळ्या घरविमा कंपन्यांकडून पट्टी घेतली जाते. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना ही योजना लागू नाही, कारण पूरक्षेत्रात नवी घरं बांधायला उत्तेजन मिळू नये असा हेतू आहे. आणि ही योजना २०३९ पर्यंतच आहे. पंचवीस-तीस वर्षांचं कर्ज आज काढणाऱ्याने ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

ऑगस्ट २०१९

त्या वर्षी पूर इथे नव्हता, घरी होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात पाऊस थांबेना. आई गावभागातल्या आमच्या जुन्या वाड्यात एकटी, पहिल्या मजल्यावर. २००५ मध्ये पाणी आलं होतं तेवढंच येईल या हिशोबाने तिने सामान वर नेऊन ठेवलं होतं. आयर्विन ५० झालं, ५३ झालं, आणि २००५ चा आकडा मागे टाकून ५७ फुटांच्या वर गेलं. वीज गेली, मग तिचा फोन बंद झाला. दीड दिवस काहीही कळेना. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली होडी उलटल्याची बातमी आली ती याच काळात.

इथे यॉर्कमध्ये लख्ख ऊन. काठावर लोक आइस्क्रीम खात होते. मी ऑफिसला न जाता घरी फोन घेऊन बसलेलो. आजी मागच्या दाराने आल्या, काही बोलल्या नाहीत, टेबलाशी बसल्या. मग म्हणाल्या, "तुमची नदी किती?" मी म्हटलं, सत्तावन्न फूट. त्यांनी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने आकडे लिहायला सुरुवात केली, तासातासाचे. इतका वेळ चढायला किती लागला, आता किती लागतोय. संध्याकाळी म्हणाल्या, "चढायचा वेग कमी झालाय. तिचा कणा आता मोडतोय." आपण 'पुराचा जोर ओसरतोय' म्हणतो तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी विश्रामबागेतून मावसभावाचा फोन आला. आईला होडीतून बाहेर काढलं होतं. तिचं पहिलं वाक्य, "अरे, लोणच्याची बरणी राहिली वरच."

त्यानंतर मी तिला इकडे ये म्हणून बरंच समजावलं. ती म्हणाली, "तू नदीकाठचं घर सोडलंस का? मग मला कशाला सांगतोस?" २०२१ च्या जुलैत पुन्हा आयर्विन ५० च्या वर गेलं, तेव्हा मात्र ती आदल्या दिवशीच पिशवी भरून विश्रामबागेत गेली. तेवढं कबूल केलंय तिने. वाडा सोडायचा नाही, पण ४० फुटांना निघायचं.

भिंत आली, आजी गेल्या

फेब्रुवारी २०२० मध्ये 'किएरा' आणि 'डेनिस' ही दोन वादळं आठवड्याच्या अंतराने आली. तळघर पुन्हा ओलं. हिने तेव्हा खरंच एजंटला बोलावलं होतं. मग करोना आला आणि सगळंच थांबलं. त्यानंतर आमच्या काठावर पूरबंदोबस्ताचं काम सुरू झालं. टेरी अव्हेन्यूचा रस्ता महिनोन् महिने बंद, नदीकाठची भिंत, पूरदरवाजे, आणि जमिनीखालून झिरपणारं पाणी अडवायला खोलवर अडथळा. शेवटची गोष्ट ऐकून मला आजींचं तळघर आठवलं. त्या १९५८ पासून जे सांगत होत्या ते आता इंजिनिअरांच्या नकाशावर होतं. २०१५ नंतर फॉसच्या दरवाजाचंही काम झालं. वीजयंत्रणा वर उचलली, पंप जास्त ताकदीचे बसवले.

पण आजींना ती भिंत फारशी भोगायला मिळाली नाही. गुडघे गेले, जिना चढवेना. लेक सारखी मागे लागलेली. टेरीजचा कारखाना बंद पडल्यावर तिथे घरं झाली, आणि कंपनीच्या जुन्या मुख्य कचेरीच्या इमारतीत २०१७ मध्ये वृद्धांसाठी निवास झाला. आजी २०२१ मध्ये तिथे गेल्या. कामावर असताना त्या इमारतीत त्यांना पाऊल टाकायची परवानगी नव्हती, ती साहेबलोकांची. "आता बघा," त्या म्हणाल्या, "तेच मला चहा आणून देतात." पहिल्या भेटीत मी पुरणपोळी नेली होती. निरोप घेताना त्यांनी विचारलं, "नदी किती?"

त्यांचं घर एका तरुण जोडप्याने घेतलं. राहायला आल्यावर दोन दिवसांनी ती मुलगी दारात आली आणि विचारलं की इथे खरंच पाणी येतं का. मी तिला तळघरात नेऊन डाग दाखवला, आणि मग हिने चहा टाकला.

घर घेणाऱ्यांसाठी थोडक्यात

१. पोस्टकोड टाकून सरकारी संकेतस्थळावर दीर्घकालीन पूरधोका बघा. नदीचा, रस्त्यावर साचणाऱ्या पाण्याचा आणि भूजलाचा, तिन्ही वेगळे असतात.

२. विकणाऱ्याला जो माहितीचा फॉर्म भरावा लागतो त्यात पुराबद्दल प्रश्न असतो. उत्तर वाचा. आणि शेजाऱ्यांना विचारा. एजंटला शेवटी.

३. करार पक्का करण्याआधी त्या घराचा विम्याचा दर मागवा. नंतर नाही.

४. घर २००९ च्या आधीचं आहे ना, ते बघा. एप्रिल २०२२ पासून काही कंपन्या दाव्यानंतर पुढच्या पुराला तोंड देईल अशी दुरुस्ती करायला १०,००० पौंडांपर्यंत जादा देतात. तुमची कंपनी त्यात आहे का, ते विचारा.

५. वीजेची बटणं वर उचला, भिंतीतल्या हवेच्या जाळ्यांना झाकणं घ्या, सांडपाण्याच्या नळीला उलटं पाणी अडवणारी झडप बसवा. खालच्या मजल्यावर लाकडी जमिनीपेक्षा फरशी बरी.

६. पुराच्या पाण्यात उगाच चालू नका आणि मुलांना खेळू देऊ नका. त्यात गटाराचं पाणी असतं आणि खालची झाकणं उचकटलेली असतात.

हे सगळं करूनही 'पाणी कधीच येणार नाही' असं कुणी सांगणार नाही. इथले हिवाळे जास्त ओले होत चालले आहेत, आणि भिंतीची उंची कुणीतरी एका आकड्यावर ठरवलेली असते. आम्ही राहायचं ठरवलं ते हे हिशोब मांडूनच. हिने एक अट घातली आहे : ज्या वर्षी विमा नाकारला जाईल त्या वर्षी पाटी लावायची, वाद नाही. मी मान्य केली आहे. तोवर सकाळी कामावर जाताना नदीकाठाने सायकल, संध्याकाळी बागेत एक फेरी, आणि भेटेल त्याला 'नाऊ देन'.

यॉर्कला कुणी येणार असेल तर जरूर कळवा, घर स्टेशनपासून चालत अर्ध्या तासाच्या आत आहे. उन्हाळ्यात आलात तर पुलावर बसून भेळ खाऊ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी येणार असाल तर निघण्यापूर्वी पातळी बघून या :-)

लोभ असावा,
ऊझकाठचा सांगलीकर